उतरवलेल्या तारा

प्रिय उत्तरेश्वर,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. अक्षर वाईट आहे आणि मी चिडलेली आहे. सांभाळून घे.

आधी गुरुजींवर चिडले. काल त्यांना म्हटलं, उत्तरेश्वरचं काही बरं दिसत नाही, जेवत नाही, झोपत नाही. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, रियाज कमी पडतोय, पहाटे बसायला सांग. मी म्हटलं, गुरुजी, हे मनाचं आहे. तर म्हणाले, मन नावाचं वाद्य आपल्याकडे शिकवत नाहीत, लक्ष्मी रोडवर कुणाचा क्लास असेल तर बघ. सगळे हसले. आपल्याकडे ताप आला तरी रियाज, लग्न मोडलं तरी रियाज. तबल्यावर बसले तेव्हापासून मी हेच एक औषध ऐकते आहे.

मग त्या कंपनीवर. हिंजवडीत त्यांचा तो वेलनेस वीक होता, तू जेवणाच्या सुट्टीत लॉनवर सतार वाजवायचास आणि मी साथीला. पोरं डबे खात ऐकायची. ताण कमी होतो म्हणे. शेवटच्या दिवशी तू त्यांच्या समुपदेशक बाईंच्या खोलीत गेलास. त्यांनी गळ्यातलं कार्ड बघितलं. तुझ्या कार्डावर व्हिजिटर लिहिलेलं. ही सोय फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे, सर, असं त्या गोड आवाजात म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये तू हे विनोद म्हणून सांगितलंस, त्या बाईंची नक्कल करून. मीही हसले. तू तिथे कशाला गेला होतास, हे विचारायचं मला सुचलं नाही.

त्यानंतर कोथरूडचा कार्यक्रम आला आणि तू बोट कापल्याचं कळवलंस. काय धावपळ झाली! गुरुजींच्या घरून काकूंनी हळद पाठवली, संयोजकांनी तारीख पुढे ढकलली, ज्यांनी कधी तुला चहा विचारला नाही तेही चौकशी करू लागले. सतारियाचं बोट ना ते. परवा तुझ्या खोलीवर आले, तेव्हा कप विसळताना तुझी चिकटपट्टी सुटली. खाली जखम नव्हती. तू माझ्याकडे न बघता त्याच जागी नवी पट्टी लावलीस. खोटं बोललास म्हणून मला राग आला नाही. खरं सांगितलं असतंस तर तारीख हलली नसती, तुझ्या जागी दुसरा बसवला असता. हे तुला नीट ठाऊक होतं, त्याचा राग आला.

तू दूध आणायला खाली उतरलास. मी सतारीची गवसणी काढली. सगळ्या तारा उतरवलेल्या होत्या, खालच्या, नुसत्या गुंजणाऱ्या तरफेच्यासुद्धा. वाद्य लांब पाठवायचं असलं, किंवा बरेच दिवस कुणी वाजवणार नसलं, की आपण ताण काढून ठेवतो. तुझा कुठे दौरा नाही. ज्याला उद्या वाजवायचं आहे तो माणूस तरफा उतरवत नाही, उत्तरेश्वर. तू दूध घेऊन आलास, आपण चहा प्यालो, ट्रॅफिकवर बोललो. घरी गेले आणि मग काही सुचेना.

म्हणून सरळ विचारते. जिवाचं काही करून घ्यायचं मनात येतं का? येत असेल तर हो म्हण. मला ऐकता येईल. खराडीला एक मनाच्या डॉक्टर आहेत, आज दुपारची वेळ घेतली आहे. तिथे कार्ड लागत नाही, विचारून घेतलं. सतार राहू दे तशीच, तारा कधी चढवायच्या ते पुढे बघू. मघापासून मी दार वाजवते आहे. आत पंखा चालू आहे, तू एकदा खोकलास. हे पत्र तुझ्या वाघोलीच्या जिन्यात बसून लिहिलं आहे, आता दाराखालून सरकवते. उत्तर लिहू नकोस. कडी काढ.

तुझीच, दाराबाहेर बसलेली,
सुहासिनीताई