मोठा पेला

बेंगळूर, १२ ऑगस्ट १९६१

तीर्थस्वरूप अण्णांना, धाकट्या भावजयीचा नमस्कार.

यांच्या तेराव्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "अनुसूयेनं शब्द पाळला. शेवटपर्यंत त्याला दोनच पेले दिले." मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

यांचं लिव्हर बिघडलं तेव्हा तुम्ही धारवाडहून येऊन देवापुढे शपथ घ्यायला लावलीत, रोज ब्रँडीचे दोनच पेले. मोजायला मला नेमलंत. आठवड्यानं यांनी चिकपेटेच्या बाजारातून नवा पेला आणला. "स्वल्प मोठा आहे," म्हणाले. जुन्याच्या दुप्पट होता. मग शाळेत इतिहास शिकवावा तसं मला सांगत बसले. चंगेजखानाचा मुलगा ओगदाई गादीवर बसला, पण फार प्यायचा. त्याच्या थोरल्या भावानं पेल्यांची संख्या ठरवून दिली आणि मोजायला अधिकारी ठेवला. ओगदाईनं पेलाच मोठा करून घेतला.

मी हसले. विचारलं, "अधिकाऱ्याला दिसलं नाही?"

"दिसलं की. तो मोजत राहिला."

"नाव काय त्याचं?"

"असल्यांची नावं कोण लिहून ठेवतं?"

अण्णा, तो पेला चार वर्षं मीच भरला, मीच विसळला. प्यायले की हे माझ्याशी बोलायचे, एरवी बोलत नसत. तुमच्या प्रत्येक पत्राला मी "दोनच" असं उत्तर दिलं.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. पण त्या अधिकाऱ्याचं नाव कुठंतरी लिहिलेलं असावं, म्हणून खाली लिहिते.

अनुसूया