आठवी ब मधली कुलूपबंद पेटी

छत्रपती संभाजीनगर, बुधवार

तीर्थरूप बद्रीनाथ दाजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे, आक्काचा रक्तदाब आणि म्हैस (घरात सर्वाधिक सेवा तिचीच होते) या तिघांचं क्षेम कळवावं. माझं ठीक, फक्त एका जागी बसवत नाही. एवढं लिहितानाही दोनदा उठलो.

शनिवारी आठवी ब ची मुलं पुढच्या वर्षी संस्कृत घेणार की हिंदी, ते लिहून देणार. वीस नावं झाली नाहीत तर संस्कृतचा वर्ग बंद, आणि मी कार्यानुभवाच्या तासाला कागदी पिशव्या करायला शिकवणार. म्हणून प्रशिक्षणात ऐकलेला उपाय केला. देवगावहून आणलेली तुमची पत्र्याची पेटी कुलूप लावून वर्गात ठेवली. आत काय, ते मुलांनी ओळखायचं. रोज पाच प्रश्न, तेही संस्कृतात. मी फक्त हो किंवा नाही म्हणणार. शनिवारी कुलूप उघडणार. आत काय ठेवायचं ते सावकाश ठरवू म्हणून पेटी रिकामीच ठेवली (आमच्याकडे आधी मंगलाचरण, विषय नंतर).

दाजी, वर्ग पेटला. वर्षभर खिडकीबाहेर बघणारा सोमनाथ मधल्या सुट्टीत धातू घोकतोय. पण माझी जुनी खोड नडली. वाक्य शुद्ध आलं की माझी मान आपोआप होकारार्थी हलते, अशुद्ध आलं की तोंडातून ‘नाही’ निघतं. विचारलंय काय, इकडे लक्षच जात नाही. परिणाम प्रांजलीच्या वहीत टिपलेला आहे: वस्तू वाजते, पाणी पिते, पूर्वी हिरवी होती, सरांपेक्षा म्हातारी आहे, वजन मात्र नाही (हा प्रश्न सोमनाथचा). काल तो म्हणाला, “सर, असलं काय नाय निघालं तर आम्ही सगळे हिंदीत.” तेव्हापासून मी येताजाता कुलूप ओढून बघतो.

आक्काला नमस्कार, म्हशीला यथायोग्य.

आपला
अभय

ता. क. वरील वर्णनाचं काही आपल्या मळ्यात असल्यास शुक्रवारच्या यष्टीनं पाठवावं. वजन असलं तरी चालेल.

पुन्हा ता. क. हे पत्र कंडक्टरच्या हाती द्यायला निघालो तोच प्रांजली आली. पहिल्याच दिवशी झाडताना तिनं पेटी उचलली होती. “रिकामीय, मला माहितीय. कुणाला नाय बोलले. वजनाचं तेवढं तुम्ही खरं सांगितलं.” वर संस्कृत घेणाऱ्या एकोणीस नावांची यादीही तिनंच केलेली. विसावं तुझं ना, असं मी विचारलं. म्हणाली, “आधी आत काय ठेवता ते बघते.”

दाजी, शुक्रवार नको. उद्याचीच यष्टी गाठा.