बिबट्या आणि आठवड्याचे मानकरी

तीर्थरूप बाळासाहेब मामा,

आधी तुमच्या पाया पडते, मग रागावते. क्रम उलटा झाला तर आई मला बोलेल. तुमची शुगर आता कशी आहे? मामींचा गुडघा जिना चढू देतो का? जुन्नरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून तुम्ही दोघं बारीक झालात असं आई सांगत होती (मामींचं मी मानते, तुमचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही). आम्ही सगळे बरे आहोत. फोन सोडून पत्र का लिहिते, ते तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर तुम्ही "बघू, बघू" म्हणता आणि फोन मामींकडे देता. पत्र मात्र मामी तुम्हाला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवणार आहेत, तसं आमचं दोघींचं ठरलंय.

तर मामा, आमच्या शाळेला जूनपासून नवे मुख्याध्यापक आलेत, सावळेराम सर. माणूस वाईट नाही. वेळेवर येतात, पोरांवर हात उगारत नाहीत. पण कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि तिथून "साप्ताहिक वार्ता व कौतुक" नावाचं दुखणं घेऊन आले. दर शनिवारी शाळा सुटली की शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर त्यांचा लांबलचक मेसेज पडतो. वर उगवता सूर्य, खाली जोडलेले हात, मध्ये आठवडाभरात काय काय झालं ते आणि प्रत्येक शिक्षकाचं एकेका ओळीत कौतुक. एकाला "आठवड्याचे मानकरी" करतात, त्याच्या फोटोभोवती फुलांची चौकट. सुरुवातीला आम्हालाही बरं वाटलं. पण दर आठवड्याला नवं कौतुक आणायचं कुठून? दिवाळीच्या आतच सरांचा साठा संपला. चौथीच्या गुरुजींचं "पाण्याची बाटली न विसरता आणतात" म्हणून कौतुक झालं. मला "आवाज दूरवर पोहोचतो" असं मिळालं (आमच्या ह्यांनी त्यावर "सहमत आहे" असं लिहून अंगठा टाकला, सगळ्या पालकांच्या देखत. मग दोन दिवस माझा आवाज घरात कुठेच पोहोचला नाही). पण पहिलीच्या वर्गाच्या दाराला कडी नाही, मागची भिंत पावसात पडली ती पडलीच आहे, यातलं वार्तेत काही येत नाही. वार्तेत फक्त चांगलं लिहायचं, असा सरांचा नियम.

आता बुधवारचं सांगते. खिचडी खाऊन झाली होती आणि पहिलीची पोरं मागच्या नळावर हात धूत होती. सोबत त्यांच्या दिलशाद मॅडम. तुम्ही त्यांना ओळखता. कळंबहून स्कूटीवर येतात, बोलतात इतकं हळू की हजेरीसुद्धा पोरांना कान देऊन ऐकावी लागते. त्यांनी सहज वर बघितलं तर भिंतीच्या पडक्या जागी बिबट्या बसलेला. तुमच्या उसातून आलेला, मामा. भिंतीला ऊस इतका चिकटलाय की त्याला उडीसुद्धा मारावी लागली नसेल. तुमच्या मळ्यातल्या घराचा ओटा आणि गोठा यांच्यात जेवढी जागा आहे, तेवढ्यावर तो आणि आमची सहा वर्षांची पोरं.

मी असते तर किंचाळले असते. (दूरवर पोहोचलं असतं.) पोरं पळाली असती आणि पुढचं मला लिहवत नाही. दिलशाद मॅडम म्हणाल्या, "चला, आगगाडी करू. पुढच्याचा शर्ट धरायचा, पळायचं नाही, मागं बघायचं नाही." आणि स्वतः शेवटच्या डब्याच्या मागे, बिबट्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत राहिल्या. गाडी वर्गात शिरली. डोकी मोजली तर एक कमी. तेजू, ती सर्वांत बुटकी, नळावरच राहिली होती, बाटली भरत. मॅडम परत गेल्या. मामा, त्या परत गेल्या. मी दुसरीच्या वर्गाच्या खिडकीतून बघत होते आणि माझ्याच्याने दार उघडवलं नाही. त्यांनी तेजूला कडेवर घेतलं, नळ बंद केला (का केला, ते त्यांनाही सांगता येत नाही), आणि तशाच मागे मागे येत वर्गात शिरल्या. दाराला कडी नाही म्हणून दाराशी बाक लावला, बाकावर स्वतः बसल्या आणि पोरांकडून गाणी म्हणवून घेतली. सरांनी ऑफिसचं दार लावून वनखात्याला फोन केला. वनखात्याची माणसं येईपर्यंत बिबट्या निघून गेला होता. त्यांनी ठसे बघितले आणि सांगितलं, भिंत बांधा आणि भिंतीलगतचा ऊस काढून जागा मोकळी ठेवा, नाहीतर तो पुन्हा येणार.

शनिवारी वार्ता आली. मी ती पाठ केली आहे, कारण रागानं झोप लागत नव्हती. "बुधवारी विद्यार्थ्यांना परिसरातील वन्यजीवनाचा प्रत्यक्ष परिचय झाला. दिलशाद मॅडम यांनी रांगेची शिस्त उत्तम राखली. मात्र गाण्यांमुळे गणिताचा तास बुडाला, तो भरून काढावा." आणि आठवड्याचे मानकरी कोण? मी. सुंदर फलकलेखनाबद्दल. फुलांच्या चौकटीत माझा फोटो. त्याखाली पालकांचे टाळ्या वाजवणारे हात. मामा, मी तो फोन भिंतीवर फेकणार होते. त्याचे हप्ते चालू आहेत म्हणून वाचला.

सोमवारी मी सरांसमोर उभी राहिले. म्हटलं, "सर, तो बिबट्या होता. परिचय करून द्यायला आलेला पाहुणा नव्हता."

सर चिडले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, खरं लिहिलं की पालक घाबरतात. घाबरले की पोरं मंचरच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसतात. पट घटला की एक शिक्षक कमी होतो. कोण जायचं, तुम्हीच सांगा."

सगळ्यांत शेवटी नोकरीला लागलेल्या दिलशाद मॅडम, म्हणजे जायचं त्यांनीच, आणि त्या तिथेच वह्या तपासत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, मला कौतुक नको. कडी बसवा."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः कडी आणि पान्हे घेऊन आले. कडी तिरकी बसली आहे आणि ती लावायला दार उचलावं लागतं, पण लागते. (तिचा फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला, हे सांगायला नकोच.) भिंतीसाठी ग्रामपंचायतीत जाऊन बसले आणि विटा येतील असा शब्द घेऊन आले. जाता जाता मला म्हणाले, "या आठवड्याची वार्ता तुम्हीच लिहा. खरं लिहा. बघू किती पोरं जातात." तर ती मी लिहिली आहे. तेजूचं, कडीचं, मॅडमच्या उलट्या पावलांचं, सगळं.

राहिला ऊस. तुमचा मळा सांभाळणाऱ्या गेणूभाऊंकडे मी गेले. ते बांधावर बसूनच म्हणाले, "ताई, मला कळतंय, माझा नातू बी तिथंच हाय. पर मालकानं सांगितल्याबिगर मी एक टिपरू तोडायचो न्हाई. कारखान्याची तोड येईल तवा जाईल." तोड कधी येईल हे कारखान्यालाही माहीत नाही.

बाकी सर्व ठीक. तुम्हा दोघांची आठवण येते. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची भाची,
हर्षाली

ता. क. मामींसाठी तेलाची बाटली सोबत पाठवली आहे. ती गुडघ्याला लावायची आहे, तुमच्या टकलाला नाही.

ता. क. आणखी एक. भिंतीलगतच्या चार सऱ्या तेवढ्या काढायला गेणूभाऊंना फोन करा. चार सऱ्यांनी तुमचं काही अडत नाही. "बघू" म्हणू नका.

ता. क. शेवटचं. या आठवड्याचे मानकरी म्हणून मी दिलशाद मॅडमना घेणार होते, पण त्यांनी हात जोडून नको म्हटलं. म्हणून तुम्हाला घेतलंय. मजकूर असा: "शाळेच्या मुलांसाठी भिंतीलगतचा ऊस स्वखुशीनं आणि तातडीनं काढून देणारे आमचे दानशूर बाळासाहेब मामा." हे शनिवारी सगळ्या पालकांच्या मोबाईलवर जाईल आणि संध्याकाळपर्यंत सगळा गाव भिंतीपाशी बघायला येईल. फुलांची चौकट तयार आहे. फोटो पाठवा, फेट्यातला.