लामकाकांची एल

फ्रीमाँट, १४ ऑक्टोबर २००६

प्रिय रवी,

अभिनंदन! काल ऑफिसमधून परस्पर तुझ्या त्या पबमध्ये गेलो होतो. फळ्यावर ठळक लिहिलंय, 'रवीज सैगॉन एल'. शेजारी तुझा फोटो, पूजेला बसलेल्या यजमानासारखा प्रसन्न. त्या बिअरचा एक ग्लास मागवला. बिअर समोर आली की माझ्यातला परीक्षक गप्प बसत नाही, तुला माहीतच आहे. रंग ठीक, फेस बरा. गवती चहाचा वास आहे, पण उकळून उकळून जीव गेलेला. घोट घेतला आणि घशाशी करपट कडूपणा चिकटून बसला. तांदूळ भाजताना आच मोठी ठेवलीस ना? लामकाका तांदूळ बदामी होईपर्यंत मंद आचेवर हलवत उभे राहायचे, तू डोळ्यांनी पाहिलंयस. पण तुला धीर कधी होता, यार! पन्नासपैकी एकवीस दिले मी मनात.

आपण दोघं नवे नवे आलो, तेव्हा कंपनीच्या लॅबमध्ये आपल्याला कुणी विचारत नव्हतं. लाम हा साठीचा व्हिएतनामी टेक्निशियन तेवढा डब्यातलं अर्धं पुढे करायचा. पहिल्याच आठवड्यात तू त्यांना काका म्हणालास आणि ते लाजून हसले. मग दर शनिवारी सान होजेला त्यांच्या गॅरेजमध्ये आपण तिघं. आपण पातेली घासायची, बाटल्या भरायच्या, आणि काका त्या एका एलच्या मागे लागलेले. भाजलेला तांदूळ, शेवटच्या पाच मिनिटांत गवती चहा, थोडी सुकवलेली संत्र्याची साल. सात वर्षं तेच. वसुधा मला म्हणायची, बायकोपेक्षा तुला ते गॅरेज प्यारं. खोटं नव्हतं ते. या देशात मला तेवढं एकच घर वाटलं होतं.

त्या पबने स्पर्धा जाहीर केली, जिंकणारी एल बनवणाऱ्याकडून इथेच करून घेऊ आणि त्याचं नाव फळ्यावर लावू, तेव्हा काकांचा चेहरा आठवतो का तुला? मुलीला घेऊन जाईन, नाव दाखवीन, एवढंच ते म्हणाले होते. फॉर्म भरायचं काम अर्थात तुझं. आपल्या अख्ख्या ग्रुपचे व्हिसाचे, ग्रीन कार्डाचे फॉर्म तूच भरायचास. माझासुद्धा तूच भरलास, मी न वाचता सही ठोकली. काकांनीही तेच केलं. इंग्लिशची धास्ती त्यांना, आणि तुझ्यावर पोटच्या पोरासारखा विश्वास.

मी परीक्षक होतो. बाटल्यांवर फक्त नंबर. सत्तावीस नंबर नाकाशी नेला आणि उडालोच. डोळे मिटून ओळखली असती मी ती एल. ओळखीची बाटली आली तर परीक्षकाने उठायचं असतं. मी उठलो नाही. चव्वेचाळीस मार्क दिले, आणि शेजारची परीक्षक अडतिसावर अडली होती, तिला गोड बोलून वर आणलं. म्हटलं, काकांसाठी एवढी चोरी चालेल. संध्याकाळी निकाल लागला आणि स्टेजवर तू चढलास! फॉर्मवर काकांच्या जागी तू स्वतःचंच नाव घातलं होतंस. मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या रे.

तू मला बाजूला घेऊन म्हणालास, काकांचं वय झालं, पबवाल्यांशी त्यांना बोलता आलं नसतं, नाव कुणाचं का असेना. आणि वर हळूच, तूही ओळखली होतीस ना? तुला उघडं पाडायचं तर मीही उघडा पडणार होतो. मी मूग गिळून घरी आलो.

पण रवी, खरी नीचपणाची गोष्ट तुला ठाऊक नाही, आणि ती माझी आहे. आपला नंबर लागला नाही, एवढंच तू काकांना सांगितलंस. पुढच्या शनिवारी त्यांनी मला गॅरेजमध्ये बसवलं, समोर ग्लास ठेवला आणि विचारलं, तू परीक्षक आहेस, खरं सांग, कुठे चुकलं? खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, शेवटी जरा कडू लागते. त्यांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि मान हलवली. हो म्हणाले. नसलेला कडूपणा त्यांना लागला, कारण मी सांगितला होता. जूनपासून त्यांनी एकदाही चूल पेटवलेली नाही. आता चव कळत नाही, म्हणतात. गेल्या रविवारी पातेली माझ्या गाडीत भरून दिली, तूच वापर म्हणून.

ती पातेली आठवडाभर माझ्या गॅरेजमध्ये पडून आहेत आणि मला तिकडे जाववत नाही. म्हणून हे पत्र. स्पर्धेच्या समितीला मी काल लिहून कळवलंय की सत्तावीस नंबर मी ओळखला होता, आणि ती एल कुणाची होती तेही. माझं परीक्षकपद जाईल, जाऊ दे. उद्या अकरा वाजता पातेली घेऊन काकांकडे जातोय. त्यांच्या एलमध्ये काहीही चुकलेलं नव्हतं, हे त्यांना तोंडावर सांगणार आहे. ते मला दारातून परत पाठवतील, बहुतेक. तुला आधी कळावं म्हणून हे आजच तुझ्या दारात टाकतो. आलास तर तुझं तू सांग. नाही आलास तर तुझं नाव मी घेणार आहे.

आजच्या दिवसापुरता तरी तुझाच,
चारुदत्त