दोन हजार भागिले दोनशे तीस

३ डिसेंबर
डॉक्टरबाई म्हणाल्या, हे रोज काय बोलतात ते लिहून ठेवा. म्हणून ही वही. पक्षाघाताला सात आठवडे झाले. आज फक्त "पा..." म्हणजे पाणी. तीस वर्षं चौक-खालापूरच्या घराघरांत वायरिंग केलेला माणूस. उजवा हात मांडीवर नुसता पडून.

६ डिसें.
जावेचा, सुनंदाचा, कोंडाण्याहून फोन. "वयनी, गिझर घेतलाय, दोन हजार वॅटचा. बल्बच्या बोर्डातच लावते. चालंल ना?" फोन स्पीकरवर. ह्यांनी डावा हात खाटेवर आपटला. आणि बोलले!
"दोन हजार. भागिले. दोनशे तीस."
शब्द अडतात, आकडे येतात. देवा, तुझे उपकार. सुनंदाला म्हटलं, थांब, लावू नको. का, ते मलाच कळलं नव्हतं.

७ डिसें.
दोनशे तीस म्हणजे घरातल्या विजेचे व्होल्ट. भागाकार केला. ८.७ अँपिअर. ह्यांनी हत्यारांच्या पेटीतला जुना सॉकेट दाखवला, त्यावर ६ अँपिअर. पेलणार सहा, जाणार जवळजवळ पावणेनऊ. तापून आग लागली असती. सुनंदाला लगेच फोन केला, वायरमन बोलाव, जाड वायर, सोळाचा सॉकेट.
"तुला कुनी सांगितलं?"
"तुज्या भाऊजींनी."
पलीकडे रडणंच ऐकू आलं.

१५ डिसें.
रोज दोन गणितं. ह्यांनी आधी टाकीकडे बोट केलं, ती जितकी उंच तितका जोर, तो दाब. मग टाकीची नळी चिमटीत दाबली, तो रोध. दाब भागिले रोध म्हणजे प्रवाह. विजेतही तसंच, दाब म्हणजे व्होल्ट, प्रवाह म्हणजे अँपिअर. सातवी शिकलेल्या मला हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. मग घरातल्या वस्तूंचे वॅट भागिले दोनशे तीस, इस्त्री ४.३ अँपिअर. पंखा ०.३, इतकाच! चुकलं की "अं हं."

२२ डिसें.
सुनंदा वालाच्या शेंगा घेऊन आली. म्हणाली, वायरमनने बोर्ड उघडला तर आतली वायर आधीच काळी पडलेली. ह्यांच्या पाया पडली. हे लाजले.

२ जाने.
टॉर्चचे सेल, दोन चिमुकले बल्ब. हे खुणावत गेले, मी तारा जोडल्या, बल्ब एकामागे एक. एकटा लख्ख पेटायचा, आता दोन्ही मंद पेटले. हे माझ्याकडे बघून म्हणाले,
"का?"
आजारपणानंतर पहिल्यांदाच मला काही विचारलं. डोळे पुसले, वही ओढली, म्हटलं, थांबा जरा, करून बघते.