स्वयंपाकघराच्या दारानं आलेले साल्सेदो

प्रिय पाउलिना,

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन आहे, तुझा नंबर अजून त्यात आहे, आणि आमच्या नदीवरच्या धक्क्याच्या टोकाला उभं राहिलं तर हल्ली आवाजही नीट येतो. पण फोनवर तू मध्येच बोलशील, मी मध्येच भडकेन, आणि पुन्हा त्या दिवशीसारखंच होईल. म्हणून शाळा सुटल्यावर पोरांच्याच बाकावर बसून लिहितेय. हो, मी आता इथे शिकवते. इतिहास, आणि दुसरं कुणी मिळत नाही म्हणून गणितही. माझं गणित कसं आहे ते तुला माहीत आहे. पोरांना अजून कळलेलं नाही.

हजेरीत आपली नावं लागोपाठ यायची, आठवतं? साल्सेदो नुबिया, साल्सेदो पाउलिना. पहिल्याच दिवशी सरांनी मान वर करून तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, बहिणी का? तू गोरी, घाऱ्या डोळ्यांची, आणि मी अशी काळीभोर. तू शांतपणे म्हणालीस, चुलत. सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि मग पदवी मिळेपर्यंत आपण एकमेकींना चुलतबहीणच म्हणत राहिलो. त्या विनोदाच्या तळाशी काय आहे ते दोघींनाही ठाऊक होतं. तुमच्या पूर्वजांची सोन्याची खाण होती आणि माझे पूर्वज त्या खाणीच्या मालमत्तेत धरलेले होते. मालकाचं आडनाव माणसांना, जसा डाग गुरांना. यावर आपण परीक्षेत पानंच्या पानं लिहिली, चांगले गुणही मिळवले. एकमेकींशी मात्र कधी बोललो नाही.

पदवीदानाला बाबा आणि फिदेलिना आत्या आले होते. माझं नाव पुकारल्यावर दोघं ओरडले ते ठीक, पण तुझं नाव पुकारल्यावरही तेवढेच ओरडले. तुझ्या घरची मंडळी वळून बघायला लागली. बाबांना त्यात वावगं काही वाटलंच नाही. साल्सेदोची पोरगी पास झाली, तर ओरडायचं नाही?

मी एकदा बाबांना म्हटलं होतं, मला हे आडनाव बदलायचंय. शहरात नवं काही वाचलं की मी सुट्टीत घरी येऊन ते सगळ्यांच्या डोक्यावर ओतायचे, त्यातलंच हे एक. बाबा जाळं विणत होते. त्यांनी मला गुलामी संपली तेव्हाची गोष्ट सांगितली. नवरा एका खाणीत, बायको दुसरीत, पोरं तिसऱ्याच नदीवर, अशी माणसं विखुरली होती. मग लोक होड्या घेऊन निघाले आणि प्रत्येक धक्क्यावर हाका मारत गेले, इथे कुणी साल्सेदो आहे का? बाबा म्हणाले, "नाव त्यांचं असेल, पोरी. पण आपण एकमेकांना सापडलो ते त्याच नावानं." आडनाव राहिलं.

त्यातूनच आमच्याकडची रीत आली. तुला ती मी कधी सांगितली नाही. नदीवरच्या कुठल्याही धक्क्याला होडी लावून 'साल्सेदो' म्हटलं, की ताट आणि चटई मिळते, काही विचारायचं नाही. आलेल्यानं चुलीसाठी काहीतरी आणायचं. आणि घरात शिरायचं ते स्वयंपाकघराच्या दारानं. पुढचं दार पाद्र्याचं, पोलिसाचं आणि मतं मागायला येणाऱ्याचं. आपलं माणूस पुढच्या दारानं आलं तर घरातल्या बाईला वाटतं, काही बिनसलं की काय.

आता तुला कळलं असेल मी कुठे चाललेय ते.

तुमच्या हवेलीतलं ते प्रदर्शन, ज्याच्या कामासाठी तू मला नोकरीवर घेतलंस, मला खरंच मनापासून आवडलं होतं. 'नामवंत साल्सेदो'. बिशप, राज्यपाल, दोन्ही लढाया हरूनही ज्याच्या नावाचा रस्ता आहे तो सेनापती, ऑर्किडची चित्रं काढणारी ती अविवाहित आत्या. आणि समोरच्या भिंतीवर, तू आजीशी भांडून मिळवलेल्या जागेत, आमच्याकडचे दोघे, मुष्टियोद्धा रोमुलो आणि गाणारी पेत्रोना. मला वाटलं होतं, या दोन भिंती समोरासमोर आल्या की काहीतरी घडेल. आणि मग तू रेडिओवर सांगितलंस, उद्घाटनाच्या जेवणाला यच्चयावत साल्सेदोंना निमंत्रण आहे. तू ते मनापासून म्हणालीस. मी शेजारीच बसले होते, तुझा चेहरा मला दिसत होता.

नदीवर तो रेडिओ सगळ्यांनी ऐकला. बाबांनी होडी भरली. केळ्यांचे घड, धुरावलेली मासळी, खाजणातल्या शिंपल्या, उसाच्या दारूचा डबा. होडीनं, मग बसनं, सगळे आपापल्या सणाच्या कपड्यांत. मी तुझ्याबरोबर पुढच्या दारात इस्त्रीचा झगा घालून उभी होते आणि सारखी रस्त्याकडे बघत होते. भाषणं झाली, पानं मांडली गेली, मी धरून ठेवलेल्या खुर्च्या एकेक करून दुसऱ्यांनी नेल्या. आणि मागच्या अंगणातून बाबांचं हसू ऐकू आलं.

ते केव्हाचे आले होते. हवेलीला वळसा घालून, मागचं दार शोधून. तुमच्या स्वयंपाकिणीनं सामान उतरवून घेतलं, सगळ्यांना चौथऱ्यावर बसवून वाढलं, आणि फिदेलिना आत्याच्या हातात एप्रन दिला. आत्या पेल्यांचं तबक घेऊन दिवाणखान्यात गेली, तेव्हा तुझी आजी पाहुण्यांना म्हणाली, "बघा, नदीवरची माणसं अजून जुनी रीत विसरलेली नाहीत." बाबांनी ते दारातून ऐकलं. पाउलिना, ते इतके खूश झाले. त्यांना वाटलं, म्हातारीला रीत माहीत आहे.

मी तुला ओढत कोठीत नेलं. तू म्हणालीस, "ते स्वतःच मागच्या दारानं आले, नुबिया. मी काय करू?" त्यावर मी जे बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही. तू रडलीस, मी नोकरी सोडली. आता शांतपणे विचार केला की वाटतं, तुझं म्हणणं खोटं नव्हतं. ते स्वतःच आले. पण एखादं माणूस कुठल्या दारानं आलं एवढंच बघून त्याला कुठे बसवायचं ते ठरवता येतं, हे तुमच्या घरात कुणालाच खटकलं नाही. तुलाही नाही. मला याचा राग आहे, आणि तुझी आठवणही येते. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

परतताना होडीत बाबा पुढे बसून गात होते. मी आत्याला हळूच विचारलं, तुला काही वाटलं नाही? ती म्हणाली, "मला काय डोळे नाहीत? एप्रन हातात आला तेव्हाच कळलं. पण तुझा बाप ताटावर बसून असा फुलला होता, म्हटलं बांधावा. पेले काय जड होते का?" आणि मला दटावलं, तोंड उघडायचं नाही.

तेव्हापासून बाबा धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात, एवढी मोठी हवेली, पण सरळ स्वयंपाकघरात घेतलं. शेजारच्या क्रिसान्तोनं खोचकपणे विचारलं, मग टेबलावर का नाही बसवलं? बाबा म्हणाले, "टेबलावर पाहुणे बसतात, गाढवा." सगळे हसले. मीही हसले, आणि त्या रात्री जेवले नाही. दिवसा मी पोरांना शिकवते की झालं ते जसं झालं तसं सांगायचं, कुणाला कितीही टोचो. आणि संध्याकाळी घरी येऊन बापासमोर मान खाली घालून भात खाते.

तर आता पत्राचं कारण. ज्यानं खाऊ घातलं त्याला आपल्या घरी जेवायला बोलवायचं, आणि तेही स्वतः त्याच्या दारात जाऊन, हाही रीतीचाच भाग आहे. बाबांनी डुक्कर पोसायला घेतलंय. होडीतून उतरताना आधार हवा म्हणून तुझ्या आजीसाठी धक्क्याला नवा कठडा ठोकलाय. सान पेद्रोचा सण झाला की ते तुमच्याकडे यायला निघणार, आणि कुठल्या दारानं येणार ते तुला माहीत आहे. त्यांना मी पुन्हा त्या दारात उभं राहू देणार नाही. निघण्याआधी मी त्यांना सगळं सांगणार आहे, आत्या कितीही रागावो. म्हणून विचारते, सणाआधी तू येशील? आजीला आणू नकोस, एकटीच ये. बाबांच्या हातचं पोटभर जेव, चुलीपाशी बस. मग आपण दोघी मिळून त्यांना सांगू. ऐकून त्यांना वाईट वाटेलच. पण तेव्हा एक साल्सेदो त्यांच्या घरात जेवून समोर बसलेली असेल, आणि आपण मूर्ख ठरलो असं तरी त्यांना वाटणार नाही. तू नाही आलीस तरी मी सांगेनच. फक्त एकटीनं सांगायची मला फार भीती वाटते.

तुझीच, अजूनही,
नुबिया