जांभळ्या अळंबीची कढई

४ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. रागातही वाकतोय, कारण मोठी आहेस.

खाणावळीचा पहिला दिवस, टेबलं भरलेली, आणि तू स्वयंपाकघरात घुसून जांभळ्या अळंबीची अख्खी कढई साबणाच्या पाण्यात उपडी केलीस! गिऱ्हाइकं हसली. आचारी अजून हसतोय. मी स्वतः रानातून वेचून आणली होती. रंग, वास, सगळं ओळखीचं. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारी तू मला अळंबी शिकवणार? येऊन सगळ्यांसमोर चुकलं म्हण, एवढंच मागणं.

रुसलेला, तरी तुझाच,
धाकटा

७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. माफी मात्र एकही नाही.

चष्मा कपाळावर असला तरी डोळे जागेवर आहेत. तुझ्या टोपलीत उरलेल्या चार अळंब्या मी घरी आणल्या. देठ काढून टोप्या पांढऱ्या कागदावर ठेवल्या, वर वाट्या झाकल्या. सकाळी तिघींखाली फिकट गुलाबी भुकटी पडली होती. ती खायची जात. चौथीखाली गंजासारखी तपकिरी. ती दिसायला सख्खी बहीण, पण खाऊन बघण्यातली नव्हे. ती कोवळी असताना टोपी आणि देठाच्या मध्ये कोळिष्टकासारखे धागे असतात, जाऊन बघ. तुझी बहुतेक कढई चांगली होती, कबूल. पण कुठली कुणाच्या ताटात जाणार होती, सांगू शकला असतास? माझं हसं झालं. परवडलं.

वेळेवर जेवत जा.
ताई

११ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. या वेळी मनापासून.

रानात जाऊन आलो. एकाच झाडाखाली दोन्ही जाती खांद्याला खांदा लावून उभ्या. धागेही दिसले. पहिल्या टेबलावर माझी लेक होती गं. आचाऱ्याला सांगितलं, त्याचं हसू पळालं. रानातली अळंबी बंद. पण एक बोच राहिलीच. मला बाजूला घेऊन सांगायचंस. चारचौघांत कशाला?

धाकटा

१४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

घेतलं होतं बाजूला. दोनदा. एकदा तू नंतर बघू म्हणालास, एकदा खांद्याला धरून मला बाहेर खुर्चीत बसवलंस. तेवढ्यात आचाऱ्याने वाढायला डाव उचलला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओतीन, आणि तेव्हा एकदाही विचारणार नाही.

लेकीला पापा. लोभ ठेव; नाही ठेवलास तरी रविवारी जेवायला येणारच आहे.
ताई